‘म्युझिकल कॉमेडियन’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका:
डब्लिनच्या डेव्हिड ओ’डोहर्टी यांचा परिचय मुलांच्या एका अंकासाठी मराठीत करते आहे, आणि ‘म्युझिकल कॉमेडियन टर्न्ड रायटर’ या पहिल्याच वर्णनापाशी अडले आहे. मी ‘संगीत विनोदकार’ लिहिले, तर घरातूनच विचारणा झाली की, हे ‘संगीत सौभद्र’सारख्या नाटकात काम करतात का? प्रत्यक्षात हे गृहस्थ मांडीवर प्लास्टिकचा छोटा कीबोर्ड घेऊन बसतात, अर्धे बोलत अर्धे गात राहतात, आणि या प्रकाराला स्वतःच ‘अत्यंत कमी ऊर्जेची सांगीतिक लहर’ अशा अर्थाचे नाव देतात. याच प्रकारावर त्यांनी २००८ साली एडिंबरा महोत्सवातला विनोदाचा मुख्य पुरस्कार मिळवला. ‘विनोदवीर’ चालेल का?

शुद्धलेखक:
‘विनोदवीर’ हा दूरचित्रवाणीने रुजवलेला शब्द आहे आणि त्यात विनोदापेक्षा वीरश्रीच अधिक आहे. कमी ऊर्जा हेच ज्याचे भांडवल आहे त्याला वीर म्हणणे शोभणार नाही. ‘विनोदगायक’ हा समास निर्दोष आहे.

पेटीवाला:
निर्दोष असेल, पण असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. आमच्या गावच्या गणेशोत्सवात दोन गाण्यांच्या मध्ये नकला करणारा एक वादक असे आणि मंडळाच्या पत्रिकेवर त्याच्या नावापुढे ‘कॅसिओ व नकला’ एवढेच छापलेले असे. वाद्य कोणत्याही कंपनीचे असो, आम्ही त्याला कॅसिओच म्हणत होतो. कीबोर्डचे भाषांतर ‘पेटी’ मात्र करू नका. ओ’डोहर्टींचे वडील जिम डोहर्टी हे जॅझ पियानोवादक, आणि मुलगा खेळण्यातल्या वाद्यावर गातो, यातच निम्मी गंमत आहे. पेटीला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे तिने ती गंमत मारली जाईल.

जुना वाचक:
मला ‘टर्न्ड’ अधिक खटकते. ‘लेखनाकडे वळले’ असे मराठीत म्हटले की, पहिल्या वाटेकडे पाठ फिरवली असा अर्थ होतो. ओ’डोहर्टी १९९८ पासून रंगमंचावर आहेत आणि ख्रिस जज यांच्या चित्रांसह २०१४ साली ‘डेंजर इज एव्हरीव्हेअर’ हे मुलांचे पुस्तक आले तेव्हाही त्यांनी कीबोर्ड खाली ठेवला नव्हता. पु. ल. देशपांडे पेटी वाजवत होते, नाटके करत होते आणि लिहीतही होते, पण त्यांना कोणी ‘पेटीवादनाकडून लेखनाकडे वळलेले’ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. ‘विनोदकार आणि बालसाहित्यिक’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

अनुवादिका:
मोकळी कसली होते! त्याच पुस्तकातला धोक्यांचा स्वयंघोषित तज्ज्ञ आपली ‘डॉक्टर’ ही पदवी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहितो. ती ‘डाक्तर’ अशी लिहावी का?

शुद्धलेखक:
माझी आजी ‘डाक्तर’ म्हणत असे आणि त्यात काहीही चुकीचे नव्हते; परक्या शब्दाला आपल्या जिभेवर बसवण्याची ती रीतच होती. त्या उच्चाराचा चूक म्हणून वापर करणे म्हणजे आजीला हसणे होय. ‘डॉक्टर्र’ असा एक र वाढवावा. शिवाय त्या तज्ज्ञाला ‘धोकाशास्त्रज्ञ’ म्हणू नका, कारण हिंदीच्या सवयीने मुले धोक्याचा अर्थ फसवणूक असा घेतील. ‘भयविद’ म्हणावे.

पेटीवाला:
‘पुढे धोका आहे’ ही पाटी वाचून वाहन हळू करणाऱ्या कोणालाही पुढे फसवणूक आहे असे वाटत नाही. ‘भयविद’ ऐकून मात्र मुले भुताची वाट पाहतील.

तळकोकणी:
मला त्यांच्या गाण्यांविषयी सांगायचे आहे. स्वतःला खुपणाऱ्या बारीकसारीक गोष्टींची यादी ते गातात आणि तिला ‘बीफ्स’ म्हणतात. यंत्राने त्याचे भाषांतर ‘गोमांस’ असे केलेले मी पाहिले, म्हणून वेळीच सावध करतो. ‘कुरबुरी’ हा शब्द बरा आहे, पण माझे मत ‘गाऱ्हाणी’ला आहे. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणे घालतात तेव्हा घालणारा एका लयीत एकेक गोष्ट मांडत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लहानपणी मला शब्द कळत नव्हते, तरी तो ठेका धरून मी मोठ्यांच्या आधीच ओरडत असे आणि पाठीत धपाटा खात असे. सुरात मांडलेली यादी आणि तिला श्रोत्यांची साथ, हे सारे ‘गाऱ्हाणे’ या एका शब्दात येते.

शुद्धलेखक:
गाऱ्हाण्यात मागणे असते आणि ते देवाकडे असते. हे ओ’डोहर्टी कोणाकडे काय मागतात?

तळकोकणी:
श्रोत्यांकडे होकार. तो मिळाला नाही, तर त्यांचे गाणे पडेल.

जुना वाचक:
असे असेल, तर ‘गाऱ्हाणेकार’ का नको?

अनुवादिका:
संपादकांना विचारते. शब्दमर्यादा दीडशेची आहे आणि ‘गाऱ्हाणे’ म्हणजे काय हे पुण्यातल्या मुलांना सांगण्यातच पन्नास शब्द जातील.