फायटर साधा आहे, म्हणूनच तो माझा सगळ्यात आवडता क्लास आहे

ढालकरीण

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाच्या नवीन कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीसाठी, मी सलग तिसऱ्यांदा फायटर (लढवय्या) घेतेय म्हटल्यावर बाकीच्या चौघांनी एकदमच विचारलं, "परत? कंटाळा नाही येत?" नाही येत. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या प्लेयर्स हँडबुकात, १२ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. त्यातला सगळ्यात रुक्ष म्हणून हिणवला जाणारा क्लास मला सगळ्यात जास्त खेळायला लावतो, असं माझं ठाम मत आहे.

मागच्या कॅम्पेनमधला प्रसंग सांगते. पाचवी लेव्हल. भुयारात हॉबगॉब्लिन (राक्षसी सैनिक) मागे लागलेले, विझर्डचे (जादूगाराचे) स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, संपलेले, क्लेरिक (देवाच्या नावाने मंत्र टाकणारी) शून्यावर, म्हणजे बेशुद्ध, आडवी. माझ्याकडे ९ हिट पॉइंट (जीव). शीटवर, म्हणजे पात्राच्या क्षमता लिहिलेल्या कागदावर, बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच, म्हणून मी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, विचारलं, "दार किती रुंद आहे?" एका माणसापुरतं. "अडसर?" आहे, पण त्यांच्या बाजूला. मग मी दारातच उभी राहिले. सेकंड विंड, म्हणजे जीव थोडा परत मिळवायची फायटरची क्षमता, घेतला, दहाच्या फाशावर ८ पडले, लेव्हलचे ५ मिळवून १३ परत आले. ॲक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत जादा कृती, घेऊन चार वार केले, तीन लागले, दोन हॉबगॉब्लिन कोसळले. दार ओढून घेतलं आणि पडलेल्यांपैकी एकाची ढाल दाराखालच्या फटीत पाचरीसारखी ठोकली.

ती पाचर कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. शीटवर उत्तर नसलं की माणूस खोलीकडे बघतो. फायटर मला दर वेळी खोलीकडे बघायला लावतो.

शाईचे_डाग

प्रसंग झकास. पण त्या पाचरीचं श्रेय फायटरला कसं काय? ढाल ठोकायला क्लास लागत नाही. माझ्या विझर्डनेही ठोकली असती. तुम्ही तुमच्या डोक्याचं कौतुक क्लासच्या खात्यावर जमा करताय.

क्लासचं कौतुक करायचं तर क्लासने काय दिलं ते बघू. २०१४च्या फायटरच्या मूळ पानांवर लढाई सोडून काय आहे? जवळपास काहीच नाही. कोणाशी बोलायचंय, काही शोधायचंय, जुनं काही वाचायचंय, तिथे त्याला क्लासकडून मदत नाही.

विझर्डची वही बघा. सुरुवातीला ६ स्पेल, पुढे दर लेव्हलला २, आणि सापडलेल्या गुंडाळ्यांवरून उतरवाल तेवढे वेगळे. त्यातल्या रिच्युअल (विधीने करायच्या) स्पेलना स्लॉट लागत नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात, आणि विझर्डला ते सकाळी प्रिपेअरही, म्हणजे त्या दिवसासाठी निवडूनही, ठेवावे लागत नाहीत. आम्ही एका थडग्याच्या दारापुढे हत्यारं उपसून उभे होतो. दारावर कोणालाच न येणाऱ्या लिपीत चार ओळी. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या," आणि त्या दगडावर हात ठेवून कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, हा भाषा समजण्याचा स्पेल, केला. आत झोपलेला राखणदार त्याच्या राणीचं नाव घेणाऱ्याला वाट देतो, असं लिहिलं होतं. आम्ही नाव घेतलं. तो बाजूला झाला. एकही फासा पडला नाही आणि टेबलावर कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

लोक फायरबॉलसाठी, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या स्पेलसाठी, विझर्ड घेतात. ८ फासे उधळायला मलाही आवडतात, पण विझर्डचं खरं सुख सकाळी असतं. आज काय समोर येईल याचा अंदाज बांधून स्पेल निवडायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या अंदाजाशी इमान राखायचं. फायटरला अशी सकाळच नाही.

ढालकरीण

"अशी सकाळच नाही" हे लागलं, कारण खरं आहे. पण तुमच्याच उदाहरणात बाकीचे तिघं-चौघं काय करत होते? वाट बघत होते. विझर्डकडे उत्तर असतं तेव्हा टेबलाचा प्रश्न एकट्याच्या वहीत सुटतो. माझ्या दारातल्या प्रसंगात पाचही जण डोकं लावत होते. फट कुठे आहे, हे मला शून्यावर पडलेल्या क्लेरिकच्या खेळाडूने सुचवलं.

मागची_फळी

ती बेशुद्ध होती आणि तरी सुचवत होती, हे मी चालू दिलं नसतं, पण असो. :)

क्लेरिकबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. ब्लेस. पहिल्या लेव्हलचा स्पेल, तिघांना प्रत्येक हल्ल्यावर आणि सेव्हिंग थ्रोवर (संकटातून वाचायच्या फाशावर) चार बाजूंचा एक फासा जादा. आमच्या पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) हल्ला १५ वर आला, समोरच्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १८. तो "हुकलं" म्हणून फासा उचलायला लागला. मी म्हटलं, "थांब, चार बाजूंचा फासा राहिला." ३ पडले. त्या वारात समोरचा गेला. सगळ्यांनी पॅलाडिनच्या पाठीवर थाप मारली आणि मला त्यात जो आनंद झाला तो कुठल्याच मोठ्या आकड्यात नाही. दुसऱ्याच्या पाळीला माझं लक्ष सगळ्यात जास्त असतं. असा दुसरा क्लास मला अजून मिळाला नाही.

कुलूपकाढी

मला ढालकरीण यांच्या मूळ मुद्द्याशीच भांडायचंय. "शीटवर कमी असेल तर जास्त खेळता येतं" हे वाक्य मी फार ऐकलंय. १९७४च्या मूळ खेळात तीनच क्लास होते : फायटिंग मॅन, मॅजिक यूझर आणि क्लेरिक. चोर १९७५मध्ये ग्रेहॉक पुरवणीतून आला. तेव्हापासून तक्रार चालू आहे की चोराला टक्केवारीत कौशल्यं दिली आणि बाकीच्यांचं लपणं, चढणं, सापळे शोधणं हिरावून घेतलं. आधी म्हणे प्रत्येक जण तोंडाने सांगायचा, "काठीने फरशी ठोकून बघतो," आणि तेवढं पुरायचं.

पुरायचं कोणाला? ज्याला भराभर बोलता येतं त्याला. मी पहिल्यांदा खेळायला बसले तेव्हा चार आवाजी माणसांमध्ये माझं वाक्य अर्धवट राहायचं. रोग (Rogue, चोराचाच आजचा क्लास) घेतला आणि कुलपं उघडण्यात एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) मिळालं. "मी कुलूप उघडते," एवढंच म्हणायचं आणि फासा टाकायचा. २३. सगळे गप्प. ती २३ माझ्या बोलण्यावर अवलंबून नव्हती, डीएमच्या मूडवर नव्हती. शीटवरची ती ओळ म्हणजे माझा हक्क होता. तुम्हाला रिकामा कागद मोकळा वाटतो, कारण तुम्हाला बोलायची सवय आहे.

ढालकरीण

कुलूपकाढी, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. आमच्या टेबलावर एक जण चार सेशन झाली तरी फक्त "मी मारतो" म्हणतो. त्याला मीच फायटर सुचवला होता, सोपा म्हणून. त्याच्यासाठी तो रिकामा कागद रिकामाच राहिला, हे मी पाहिलं नाही.

माझ्यापुरतं मत मात्र बदललेलं नाही. मला ते दार हवंय. पण "सोपा आहे, नवख्याला फायटर द्या" हे मी पुन्हा म्हणणार नाही.

शाईचे_डाग

आणि त्याला विझर्डही देऊ नका, हे मी स्वतःहून सांगतो. पहिल्याच दिवशी स्पेलची यादी हातात पडली की बोलणारासुद्धा मुका होतो.

कुलूपकाढी

त्याला क्लास सुचवूच नका. आतापर्यंतच्या चार सेशनमध्ये तो कुठे पुढे सरकून बसला होता, तेवढं आठवून सांगा.

ढालकरीण

एकदाच. घोडा जखमी झाला होता तेव्हा. त्याने विचारलं होतं, "तो वाचेल का?"

मागची_फळी

ड्रूइड (निसर्गाचा जादूगार) दाखवा त्याला. किंवा रेंजर (रानात वावरणारा लढवय्या). दोन्हींची पानं समोर ठेवा आणि पहिल्या सेशनला माझ्यासारख्या कोणाला तरी शेजारी बसवा.