कोकणातलं घर आवरताना: तुमचेही अनुभव सांगा

बाबा गेले आणि आई ठाण्याला आमच्याकडे राहायला आली. दापोलीजवळचं घर बंद झालं. बंद घराला आमच्याकडचा पावसाळा फार वाईट. एक कौल सरकलं की वासा कुजतो, आणि वाळवी लागली की माळ्यावरचं काही हाती लागत नाही. म्हणून मे महिन्यात सगळी भावंडं जमलो आणि आवरायला घेतलं.

मला एकच सांगायचंय: घरातलं जाणतं माणूस बोलतंय तोवर त्याला समोर बसवूनच आवराआवर करा. आईला ओटीवर खुर्ची टाकून दिली आणि एकेक भांडं पुढ्यात आणत गेलो. पितळी घंगाळाच्या काठावर टोचून घातलेली अक्षरं होती, काळवंडलेली. चिंच लावून घासल्यावर उमटलं, 'सौ. माईस, मामांकडून, १९६३'. हे घंगाळ भंगारात किलोवर जाणार होतं. माई म्हणजे आजीची धाकटी जाऊ, ती बाळंतपणात गेली, आणि तिचं घरात राहिलेलं एवढंच, हे आईखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आता माईच्या माहेरच्या नातीकडे आहे. प्रत्येक भांड्याचा फोटो काढून आई काय म्हणाली ते खाली लिहून ठेवलंय.

तुम्ही काय ठेवलंत, कुणाला दिलंत, कागदांचं काय केलंत? सविस्तर लिहा.

चिपळूणहून

आम्हाला निवडायला वेळच मिळाला नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी तळमजल्यात भरलं. ओसरल्यावर चिखल फावड्याने काढावा लागला. धान्य, गाद्या, लाकडी कपाट सगळं रस्त्यावर गेलं, त्याचं दुःख करायलाही उसंत नव्हती. पण फोटो वाचले, ते कसे तेवढं सांगतो, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवले की हळूहळू आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचे, उन्हात नाही. सासऱ्यांच्या मुंजीचा फोटो कडेने गेला, पण चेहरे शाबूत आहेत.

मालवणहून

आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. आई गेल्यावर काकी म्हणाली, "चेडवांनी भांडी घेवची, घर झिलाचा." म्हणजे मुलींनी भांडी घ्यावीत, घर मुलाचं. भाऊ गप्प राहिला, ते मला जास्त लागलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानेच समान हिस्सेदार आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरीसुद्धा, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलंय. भांडायला नाही, पण वारस नोंदीत चौघांची नावं लागलीच पाहिजेत म्हणून मी हटून बसले, आणि लागली. बायांनो, 'हक्कसोड'वर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करायची तर समजून उमजून करा, बाराव्याच्या गर्दीत करू नका.

आईचा वायन मात्र मी मागून घेतला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दगडी वायन कशाला, असं सगळे म्हणाले. त्यात मी तिरफळं कुटते.

कणकवलीजवळून

आमचं घर महामार्गाच्या रुंदीकरणात गेलं. थोडक्यात सांगतो. मोबदल्यात जमीन, बांधकाम आणि झाडं वेगवेगळी धरतात, म्हणून मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि प्रत्येक झाड पंचनाम्यात आलंय ना ते बघा. चिरे, कौलं, फणसाचे खांब आम्ही उतरवून घेतले. त्याच खांबांवर नवीन पडवी उभी आहे.

कुडाळहून

भांडी, कपाटं वाटून होतात हो. अडतं ते देवापाशी. आमच्याकडे चार बिऱ्हाडं, तीन मुंबईला. गणपती एकच आणि तो मूळ घरातच. घर पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठी बैठक यावर झाली. शेवटी भटजींना विचारून, देवाला गाऱ्हाणं घालून, देव चुलतभावाच्या घरी नेले, आणि वर्षाचा खर्च चौघांत वाटून घेतला. माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट), गणपतीचा पाट, मोठी पातेली ही कुणा एकाची नाहीत असं आधीच ठरवलं. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भावाभावांत कागद कशाला म्हणू नका, पुढच्या पिढीला ठाऊक नसतं.

पुन्हा दापोलीहून

कागदांचं आम्ही काय केलं तेही लिहिते. आम्ही कागद सगळ्यात आधी वेगळे काढले. सातबारा, ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, जुनी खरेदीखतं. घरपट्टी नावावर आहे म्हणजे मालकी झाली असं नाही, त्यामुळे एकावर भागवू नका. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा असतो, आता 'ई-हक्क' या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येतो. पेटाऱ्यात मोडी लिपीतले कागदही निघाले. वाचता येत नाहीत म्हणून असे कागद बंबात घालू नका, त्यात वाटण्या आणि विहिरीच्या पाण्याचे हक्क लिहिलेले असू शकतात. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. घरात सांभाळणं होणार नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. आमचे आम्ही आधी स्कॅन करून घेतलेत, लिप्यंतर चालू आहे.