रॉयल मॉन्डी: हे दान कसलं, हा तर सत्कार!

भटका_ढग (धागाकर्ता)
ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इंग्लंडचा राजा चांदीची नाणी वाटतो, तेच हे रॉयल मॉन्डी. २०२५ साली डरहॅम कॅथीड्रलमध्ये ७६ पुरुष आणि ७६ बायकांना मिळाली. राजाचं वय तेव्हा ७६, म्हणून पुरुष तितके, बायका तितक्या आणि प्रत्येकाच्या पांढऱ्या थैलीत पेन्सही तितकेच. १२१३ मध्ये रॉचेस्टरला जॉन राजाने १३ गरिबांना १३-१३ पेन्स दिले, ते दान होतं. आता गरिबी बघतच नाहीत; चर्चसाठी, गावासाठी राबलेले ज्येष्ठ निवडतात. मग दानाचा आव कशाला? शाल-श्रीफळ द्या आणि मोकळे व्हा.

खुर्दा
अहो, ती नाणी बघितलीत का कधी? पेनीचं नाणं शर्टाच्या बटणाएवढं, जेमतेम ११ मिलिमीटर. १, २, ३, ४ अशी चार मिळून दहा पेन्स. ७६ भरायला सात पूर्ण संच आणि वर सहा पेन्स! शिवाय लाल थैली विसरलात. पूर्वी कपडे, धान्य द्यायचे, त्याबदली त्यात साधे पैसे असतात. गरिबाचा वाटा तिथे आहे की.

वसईची_वेस
लाल काय न् पांढरी काय. आमच्याकडे त्या गुरुवारी फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात, पुसतात. येशूची मूळ आज्ञा तीच आहे. इंग्लंडचे राजेही धुवायचे, दुसऱ्या जेम्सपर्यंत. (पहिल्या एलिझाबेथच्या वेळी नोकर आधी पाय घासून ठेवत, मग राणी धुणार. म्हणजे तेव्हाच निम्मं नाटक झालं होतं.) आज पाणी गेलं, कमरेचा टॉवेल आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून धरायचे फुलांचे गुच्छ तेवढे उरलेत. माझं मत धागाकर्त्याला.

पर्वतीकर
प्रथा बदलली की खोटी ठरते, हे कुठलं शास्त्र? पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा घ्या. रमण्यात, म्हणजे पर्वतीजवळच्या आवारात, ब्राह्मणांना वाटायचे. पेशवाई गेल्यावर त्याच पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दानाला नवी वाट मिळाली, बिघडलं काय?

भटका_ढग
काही नाही बिघडलं. पण पाठशाळेला कुणी रमणा म्हटलं नाही ना! नाव बदला एवढंच म्हणतोय.

खुर्दा
नाव बदललं तर नाणंही जाईल. आयुष्यभर चर्चमध्ये खुर्च्या लावणाऱ्या आजीच्या हातात राजा स्वतः थैली ठेवतो, हे प्रमाणपत्रात येत नाही.

वसईची_वेस
स्वतः ठेवतो, पण पंचम जॉर्जने १९३२ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हापासून. त्याआधी बराच काळ वाटप दुसरेच करायचे. जुनी प्रथा, जुनी प्रथा म्हणताना हेही धरा.

खुर्दा
धरलं. बरं, एक गंमत: ही नाणी कायदेशीर चलन आहेत. दुकानदाराने घेतलीच पाहिजेत असं नाही, पण नाण्यावरच्या किमतीला चालूही शकतील. संग्राहक कितीतरी पट मोजतात, त्यामुळे चालवून दाखवणारा मला तरी अजून भेटला नाही.