गाडी घेणं हा न्यूनगंड कसा काय?

जुना स्टेअरिंग
काल एका पंचविशीतल्या मुलाची पोस्ट वाचली. म्हणणं असं की स्वतःची गाडी हा आमच्या पिढीचा न्यूनगंड होता, त्यांची पिढी त्यातून सुटली आणि ज्याच्या दारात अजून गाडी आहे तो मनाने मागेच राहिला. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या वडिलांच्या छातीत मध्यरात्री दुखायला लागलं तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. शेजाऱ्यांचं दार ठोठावलं. ते झोपेतून उठून तसेच निघाले, वडील वाचले. त्या रात्री ठरवलं, पुन्हा असं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. सेकंडहँड गाडी घेतली, तिचे हप्ते फेडताना बाकी सगळ्या हौशी गुंडाळून ठेवल्या. याला न्यूनगंड म्हणायचं?

आणि हे गाडीमुक्त लोक पाऊस आला की मोबाईलवरून टॅक्सी बोलावतात. गाडी, इंधन, रस्त्यावरची जागा, सगळं तेवढंच लागतं. चालवणारा दुसरा असतो, एवढाच फरक.

पायवाट
काका, ती पोस्ट माझी नाही, तिची भाषा मलाही आवडली नाही. पण मी २७ वर्षांची आहे, लायसन्स नाही आणि काढायचंही नाही. घरापासून ऑफिस चालत वीस मिनिटं, लांब जायचं तर ट्रेन. गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग या विषयांवर मी आयुष्यात एक मिनिट घालवलेलं नाही.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या साधारण ४६ टक्के मुलामुलींकडे लायसन्स होतं, २०१४ मध्ये जेमतेम २५ टक्के. ब्रिटनमध्ये १७ ते २० वयोगटात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ४८ टक्के होते, २०१४ पर्यंत ते २९ वर आले. काहीतरी बदललंय, हे तरी माना.

गणिती
बदललंय, पण मन नव्हे, खिसा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हमधल्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये हेच तपासलं होतं. वय, उत्पन्न वगैरे सारखं धरलं तर तरुणांच्या आवडीनिवडी आधीच्या पिढीपेक्षा फारशा वेगळ्या दिसत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. शिक्षण लांबलं, पक्की नोकरी उशिरा, लग्न उशिरा, मुलं त्याहून उशिरा. गाडीची खरेदीही त्यांच्या मागोमाग पुढे ढकलली गेली. पायवाट, घरात मूल आल्यावर पुन्हा लिहा.

पायवाट
मूल झाल्यावर कळेल, हे वाक्य मी प्रत्येक विषयावर ऐकते. उत्तर सुचलं नाही की लोक तिथे जातात.

कोपऱ्यावरची
गाडी घ्या नाहीतर घेऊ नका, ती ठेवता कुठे ते सांगा. मी रोज आईची व्हीलचेअर ढकलते. फुटपाथवर दोन चाकं चढवून गाड्या लावलेल्या असतात, म्हणून आईला भर रस्त्यातून न्यावं लागतं. मागून हॉर्न वाजतो तेव्हा ती दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरते. त्या गाड्यांचे मालकही म्हणत असतील, आईवडिलांसाठीच घेतली.

जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा आहे हे आधी दाखवा. पोलिसांचा दाखला लागतो आणि रात्रभर रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. तिथेही गाड्या आहेतच ना?

जुना स्टेअरिंग
फुटपाथवर लावणं चूकच. पण रस्त्याच्या कडेला लावली तर बिघडलं कुठे? मी कर भरतो. फुकट उभी करत नाही.

कोपऱ्यावरची
कर गाडी चालवण्याचा भरता. एका गाडीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत उद्या मी माझं कपाट आणून ठेवलं आणि म्हटलं मीही कर भरते, तर चालेल? पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेले डोनाल्ड शूप सांगायचे की गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. म्हणजे तुमची मध्यरात्रीची सोय बाकी सगळा वेळ माझ्या आईच्या वाटेत उभी.

जुना स्टेअरिंग
हे अति होतंय. तुमच्या आईची वाट मी अडवलेली नाही. माझ्या वडिलांच्या दुखण्याला तुम्ही सोय म्हणता, जरा शब्द सांभाळा. आणि पायवाट, मला काका म्हणू नका, आपली ओळख नाही.

पायवाट
बरं, नाही म्हणत. पण आपत्कालीन प्रसंगाला उत्तर रुग्णवाहिका असायला हवं की प्रत्येक दारात एक गाडी? छातीत दुखणारा माणूस घरात एकटा असेल तर त्याची गाडी कोण चालवणार? जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात वोबाँ नावाची वसाहत आहे. तिथे गाड्या कडेच्या गॅरेजमध्ये ठेवायच्या, घरांपुढच्या गल्ल्या मुलांना खेळायला मोकळ्या. म्हातारी माणसं तिथेही राहतात.

रातपाळी
मी नर्स आहे. ड्युटी रात्री दीडला संपते, शेवटची बस अकराची. दोन वर्षं मिळेल त्या वाहनाने घरी गेले. एकदा एक माणूस वळणापासून दारापर्यंत मागे चालत आला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. स्वतःच्या गाडीत बसून आतून लॉक लावते तेव्हा मला जे वाटतं, त्याला कुणी न्यूनगंड म्हणू नये आणि पर्यावरणाचा गुन्हाही म्हणू नये. दीडला बस द्या, गाडी विकते.

पायवाट
यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझं ऑफिस सहाला सुटतं, हे खरं आहे.

गणिती
मी तेच म्हणत होतो. परिस्थिती बदला, आवड आपोआप बदलेल.

पायवाट
तुम्ही मूल झाल्यावर कळेल असं म्हणत होता. ते हे नव्हे.

जुना स्टेअरिंग
एक सांगतो, आनंदाने सांगत नाही. आमच्या इमारतीत मला पार्किंगची जागा आहे. तिथे मोडकं सामान भरलंय, म्हणून गाडी रस्त्यावर असते. फुटपाथवर नाही, पण वळणावर आहे. तिथून व्हीलचेअर जाते का, हे मी आजवर पाहिलेलं नाही. सामान काढतो. गाडी मात्र विकणार नाही.

कोपऱ्यावरची
विका असं मी म्हटलंच नव्हतं. वळण मोकळं करा, तेवढं पुरे. जपानसारखा नियम मात्र हवाच, कुणाच्या चांगुलपणावर आई रस्त्यातून जाऊ शकत नाही.

जुना स्टेअरिंग
आणि ज्याला इमारतीत जागाच नाही त्याने काय करायचं? तुमच्या नियमात गाडी फक्त जागावाल्यांची.

कोपऱ्यावरची
हो. आज फुटपाथ फक्त गाडीवाल्यांचा आहे, त्यापेक्षा ते बरं.

रातपाळी
पार्किंगवर इतकं लिहून झालं, दीडच्या बसबद्दल पायवाट सोडून कुणी अवाक्षर काढलं नाही. ड्युटीची वेळ झाली, निघते.