पाया जाड नको, खोल हवा

कडक थंडीत जमीन गोठते अशा ठिकाणी घर बांधताना काँक्रीट जाड ओतलं की पाया कमी खोल चालेल, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा या थंड राज्याच्या बांधकाम नियमांत पायाचा तळ दक्षिण भागात जमिनीखाली किमान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच लागतो, म्हणजे तो गोठणाऱ्या मातीच्या खाली राहतो. मातीतलं पाणी गोठून फुगतं, पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. बारीक कणांची गाळवट माती खालून पाणी ओढत राहते, बर्फाचे थर वाढत जातात आणि पाया वर उचलला जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. म्हणून भिंती तडकतात. कडेने फोमचं इन्सुलेशन पुरून पाया १६ इंचांपर्यंतही आणता येतो, पण घर हिवाळाभर गरम राहणार असेल तरच. हीटिंग नसलेल्या गॅरेजला तोच आराखडा लावू नका.