जुलाब झालेल्या लहान मुलांना प्रोबायोटिक द्यावे काय?

प्रश्न : एक आई, कराड

माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. गेल्या सोमवारी पहाटे त्याला दोन उलट्या झाल्या आणि दुपारपर्यंत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी आठ-नऊ वेळा शी झाली, थोडा तापही होता, परंतु शीमध्ये रक्त किंवा आव नव्हती. आमच्या डॉक्टरांनी त्याला तपासून ओआरएसची पाकिटे, झिंकचे पातळ औषध आणि प्रोबायोटिकच्या (पोटाला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या) पाच छोट्या कुप्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुलाब थांबले. झिंकची चव त्याला मुळीच आवडत नव्हती, म्हणून ते त्याच दिवशी बंद केले; कुप्या मात्र पाचही दिवस नेमाने दिल्या.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या पुण्यातील जाऊबाईंच्या मुलीलाही असाच त्रास झाला होता, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिकची काहीही गरज नाही असे सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे की ते जंतू ताकातही असतात, मग विकत कशाला आणायचे? एकाच आजाराला दोन डॉक्टर दोन वेगळे सल्ले देतात तेव्हा आम्ही पालकांनी काय समजावे? ही कुपी खरोखर उपयोगी पडली की जुलाब आपोआपच थांबले असते?

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

बाळ बरे झाले हे वाचून समाधान वाटले. तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण त्याआधी झिंकविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. तुम्ही पाच दिवसांचे प्रोबायोटिक पूर्ण केले आणि झिंक तिसऱ्या दिवशी थांबवले; माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत नेमके हेच घडते आणि दर वेळी मला त्याची हळहळ वाटते. सहा महिन्यांपुढील मुलांना रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळांना १० मिलिग्रॅम झिंक दहा ते चौदा दिवस द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्येच सांगितले आहे, आणि आपल्याकडे आपण चौदा दिवस देतो. जुलाब थांबल्यावरही ते चालू ठेवायचे असते, कारण आतड्याचे अस्तर भरून येण्यास त्याची मदत होते आणि पुढील दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

आता प्रोबायोटिक. हे एका औषधाचे नाव नसून अनेक वेगवेगळ्या सजीवांना मिळून दिलेले नाव आहे. तुमच्या मुलाला मिळालेल्या कुपीत बहुधा बॅसिलस क्लॉसाय या जिवाणूचे बीजाणू असतील. दुसऱ्या एखाद्या पुडीत सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचे यीस्ट असते, तर तिसरीत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. एकाने गुण आला म्हणून दुसऱ्यानेही येईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच ‘प्रोबायोटिक द्यावे की नाही’ हा प्रश्न कोणता वाण, किती मात्रेत आणि कोणत्या कारणाने झालेल्या जुलाबांसाठी, असा विचारावा लागतो.

दोन डॉक्टरांच्या मतभेदाचे मूळ गेल्या काही वर्षांच्या संशोधनात आहे. २०१० साली कॉक्रेन या, औषधोपचारांवरील चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ६३ चाचण्या, म्हणजे सुमारे आठ हजार रुग्ण, एकत्र तपासून प्रोबायोटिकमुळे जुलाबांचा काळ सरासरी एका दिवसाने कमी होतो असा निष्कर्ष काढला होता. आमच्या पिढीतील डॉक्टरांनी ही औषधे लिहिण्यास सुरुवात केली ती अशाच निष्कर्षांच्या भरवशावर. पुढे २०१८ मध्ये दोन मोठ्या आणि काटेकोर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील ९७१ मुलांच्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी पाच दिवस दिले गेले. औषध घेतलेल्या मुलांचे जुलाब साधारण ५० तासांत थांबले आणि औषधासारखी दिसणारी नुसती पूड घेतलेल्यांचे साधारण ५१ तासांत. कॅनडातील ८८६ मुलांना दोन लॅक्टोबॅसिलस वाणांचे मिश्रण दिले, तेथेही फरक आढळला नाही. २०२० मध्ये कॉक्रेनने पुन्हा ८२ चाचण्या पाहिल्या. त्यांतील निर्दोष पद्धतीने केलेल्या चाचण्यांवरच भर दिला असता, दोन दिवसांहून अधिक काळ जुलाब राहणाऱ्या मुलांच्या संख्येत प्रोबायोटिकमुळे बहुधा फरक पडत नाही असे दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तेथील आणि कॅनडातील मुलांना अशा जुलाबांसाठी प्रोबायोटिक देऊ नये अशी शिफारस केली. याउलट युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांनी २०२३ मध्ये बोलार्डी आणि जीजी यांसह मोजक्या वाणांचा विचार करता येईल असे म्हटले, मात्र ही शिफारस सौम्य असल्याचेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही भलते केले असे मी म्हणणार नाही, आणि पुण्यातील डॉक्टरांच्या मताला तर आज अधिक भक्कम आधार आहे. मी स्वतः विषाणूजन्य जुलाबांसाठी हल्ली ते लिहीत नाही. तुमच्या मुलाचे जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले, आणि अमेरिकेतील मुलांचे औषधाविनाही दोन दिवसांच्या आसपास थांबले होते, यावरून तुम्हाला अंदाज यावा.

ओआरएसविषयी मात्र दुमत नाही. कितीही जुलाब होत असले तरी आतड्यातील साखर आणि सोडियम एकत्र शोषून घेण्याची वाट बहुधा शाबूत राहते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात ओढले जाते. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हेच पाणी पाजण्यास सुरुवात केली आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. डोळे खोल जाणे, सुस्ती येणे, पाणी पिता न येणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा शीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी न थांबता रुग्णालयात जावे.

प्रतिसाद : औषधविक्रेता, सांगली

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात दुकानातील अनुभवाची थोडी भर घालतो. एका लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायला हवे, परंतु बाळ एवढे कुठे पिणार असे वाटून लोक चिमूटभर पूड पेल्यात टाकतात आणि क्षारांचे प्रमाण चुकते. त्यांना मी २०० मिलिलिटरची छोटी पाकिटे देतो. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. खोक्यातील गोड पेये ओआरएस म्हणून वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असल्याने जुलाब उलट वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही पाकिटावरचे सूत्र वाचूनच घ्यावे.

प्रतिसाद : एक आजी, निवृत्त परिचारिका, रत्नागिरी

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ताकात आंबवणारे जंतू असतात हे खरे, परंतु ते कोणत्या वाणाचे आणि किती, हे दर विरजणागणिक बदलते, त्यामुळे ताकाला औषध म्हणता येणार नाही. आहार म्हणून मात्र ते उत्तम. किंचित मीठ घातलेले ताजे ताक, तांदळाची पेज, मऊ भात आणि मुगाचे वरण आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात आयांना आवर्जून सांगत असू. जुलाबात मुलाला उपाशी ठेवण्याची आणि अंगावरचे दूध तोडण्याची पद्धत त्या काळी घरोघर होती, आणि तिने फार बाळे खंगलेली मी पाहिली आहेत.

एका ठिकाणी मात्र मला प्रोबायोटिकचा उपयोग दिसला. माझ्या नातीला कानाच्या संसर्गासाठी प्रतिजैविक दिले आणि चौथ्या दिवशी जुलाब लागले. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी प्रतिजैविकासोबत पहिल्या दिवसापासून बोलार्डी दिले, तेव्हा तसे झाले नाही. हा योगायोग होता की औषधाचा गुण, हे डॉक्टरसाहेबांनी सांगावे.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

आजी, एका मुलीवरून ठरवता येत नाही, परंतु तुमचे निरीक्षण पुराव्याशी जुळते. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांवरील ३३ चाचण्या कॉक्रेनने २०१९ मध्ये एकत्र केल्या, तेव्हा प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांपैकी ८ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना जुलाब झाले. बोलार्डी हे यीस्ट असल्याने प्रतिजैविकाने मरत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. परंतु अपुऱ्या दिवसांचे बाळ, प्रतिकारशक्ती फार कमी असलेले मूल किंवा मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेला रुग्ण यांना हे सजीव जंतू रक्तात शिरून अपाय करू शकतात, म्हणून तेथे स्वतःहून कधीही देऊ नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. झिंक आता पुन्हा सुरू केले तर चालेल काय? ते दिले की त्याला उमासे येतात, हीच खरी अडचण आहे.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

चालेल. चौदा दिवसांपैकी उरलेले दिवस जरूर पूर्ण करा. उमासे येणे खरे आहे. भारत आणि टांझानियातील साडेचार हजार मुलांच्या २०२० मधील चाचणीत ५ आणि १० मिलिग्रॅमच्या मात्रेने उलट्या कमी झाल्या आणि जुलाबांवरील गुण जवळपास तेवढाच आला. तेव्हा मात्रा कमी करण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला. तोवर ते उपाशीपोटी न देता जेवणानंतर, चमचाभर पाण्यात मिसळून द्या आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा एकदा पुन्हा द्या.