मांजरीला पिसवा झाल्यात, रात्रभर खाजवायलीय, काय करू?

जुळे सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आमची मनी तशी घरातलीच, बाहेर म्हणजे फार तर गच्चीवर. पाऊस लागल्यापासून नुसतं खाजवायलीय, शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवरचे केस गेलेत, हात फिरवला की बारीक खपल्या लागतात. पिसवा म्हणाल तर क्वचित एखादी पळताना दिसते. झोपायला तिला आपली जाड सोलापुरी चादरच लागते, आता आईच्या घोट्यापाशी पण लाल पुळ्या आल्यात. शेजारचे काका म्हणतात कुत्र्याची पावडर मारा नाहीतर डेटॉलच्या पाण्यानं अंघोळ घाला. करू का? लई काळजी लागलीय.

मांजरवेडी:
दादा थांबा, दोन्ही नको!! कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला चालतं पण मांजरीच्या शरीराला ते पचवताच येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात, जीव पण जातो. डेटॉलचं पण तसंच, अंगावर राहिलं की चाटून पोटात जाणार. कापूर, निलगिरी तेल, रॉकेल असलं काही कुणी सांगितलं तरी लावू नका.
आणि पिसवा दिसत नाहीत कारण मांजर चाटून चाटून त्या गिळते. उवांची बारीक फणी घ्या, शेपटीपाशी विंचरा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाणच, म्हणजे मनीचंच रक्त.

होटगी रोड:
ताईंशी सहमत. कमरेवरचे केस जाणं आणि खपल्या म्हणजे बहुतेक पिसवांच्या लाळेची ॲलर्जी, मग थोड्या चावल्या तरी खाज थांबत नाही. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन या पिसवा मारणाऱ्या औषधांचे मांजरीसाठीचेच थेंब मिळतात, मानेच्या मागं केस बाजूला करून कातडीवर सोडायचे, तिथं तिची जीभ पोचत नाही. पण आधी डॉक्टरांना दाखवून वजनाप्रमाणं घ्या, पिल्लू असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको, लहान पिल्लं रक्त कमी होऊन दगावतात. घरात दुसरं मांजर असेल तर त्यालाही लावा.
खरं काम पुढंच आहे. अंगावर दिसतात त्या थोड्याच, अंडी घरंगळून चादरीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत पडतात, एक मादी दिवसाला 40-50 पर्यंत घालते. ती चादर 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, कडकडीत वाळवा, सोफ्याखाली रोज व्हॅक्यूम मारा आणि आतला कचरा लगेच बाहेर टाका. कोषातल्या पिसवा काही आठवडे, कधी महिने दडून राहतात, त्यामुळं थेंब लावल्यावर पण नवीन दिसतील, औषध वाया गेलं समजून सोडू नका, दर महिन्याला चालू ठेवा.

जुळे सोलापूरकर:
फणी फिरवली, टिश्यू लालच झाला. कुत्र्याची पावडर कॅन्सल, काकांना पण सांगतो. अजून एक, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय, ते काय?

मांजरवेडी:
ते पट्टकृमीचे, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचे तुकडे असणार, पिसू गिळली की तिच्यातून हे जंत पोटात जातात. घाबरू नका, प्राझिक्वांटेल नावाची जंताची गोळी असते, डॉक्टर वजन बघून देतील. मोबाइलवर फोटो काढून न्या. पण पिसवा गेल्या नाहीत तर परत होतील, म्हणून दोन्ही एकदमच करा.